मायचा घण, बाचा अंगठा

माझ्या मायनं माझ्या बाचा अंगठा घणानं चेचला होता.

आज पहाटे ती गेली.

सकाळपासून फोन घेऊन घेऊन जीव थकला आहे. सगळे म्हणतात, सुटली बिचारी, वय झालं होतं. हो, झालं होतं. मागची काही वर्षं अंथरुणावरच होती. डायपर, औषधं, केअरटेकरच्या सुट्ट्या. मीही थकले.

पण बिचारी?

माणसं पांगली आहेत, घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. नांदगाव खंडेश्वरकडे एका दगडाच्या खदानीत माय-बा मजुरीला होते. बा दीक्षा घेऊन आला त्याला थोडीच वर्षं झाली होती. मी झोळीत होते. त्यामुळे हे सगळं नंतर त्या दोघांकडून ऐकलेलं. थोडं त्याच्याकडून, थोडं तिच्याकडून.

बा घण मारायचा. रहीमचाचा टाकी, म्हणजे लांब छिन्नी, धरायचे. जोडी जुनी.

काळा दगड नुसता ठोकून सरळ फुटत नाही. आधी रेघ आखायची. रेघेवर एकाशेजारी एक भोकं पाडायची. एकानं टाकी धरून दर घावाला थोडी फिरवायची, दुसऱ्यानं तिच्या माथ्यावर घण हाणायचा. मग भोकांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि प्रत्येकीला हलका घाव देत या टोकापासून त्या टोकाला जायचं. परत यायचं. परत जायचं. एकाच पाचरीवर जोर काढला की दगड वाकडा फाटतो, अन् मेहनत मातीत.

एक दिवस कपची उडाली ती बाच्या उजव्या डोळ्यात.

अमरावतीच्या दवाखान्यातून बा परत आला तो एक डोळा घेऊन. डोळ्याबरोबर अंदाजही गेला. घण टाकीवर मारायला जायचा, पडायचा बाजूला. रहीमचाचांचा हात थोडक्यात वाचला, तेव्हा बानं आपणहून घण खाली ठेवला.

ठेकेदार म्हणाला, "बस आता बायांसंगं गिट्टी फोडत."

बा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

माय खदानीवर गेली आणि ठेकेदाराला म्हणाली, "घण मी मारतो."

"बाईमाणूस घण उचलन? लोक हासतीन मले."

"हासू द्या. दगड तं नाई हासत."

"अन् टाकी कोन धरन तुह्या घणाखाली?"

"आमच्या घरचे धरतीन. दुसऱ्याचा हात मोडला तं मी कोठून भरून देऊ?"

रहीमचाचांना तेव्हा खोकल्यानं बेजार केलं होतं. ते अकोल्याला लेकीकडे राहायला निघाले होते. जाताना मायला म्हणाले, "भाभी, हाथ को मत देखना. छेनी का माथा देखना. हाथ को देखा, तो घन हाथ पे ही गिरेगा."

बा उठून टाकी धरायला आला, माय घण मारायला शिकली. पहिले काही दिवस तिला रात्री हात वर करून वेणी घालता यायची नाही. बा घालून द्यायचा. वाकडीतिकडी.

आणि मग तो दिवस.

रेघेवरचं शेवटचं भोक राहिलं होतं. बाच्या बोटाला कुठेतरी खरचटलं होतं, रक्त दिसत होतं. घण वर गेलेला, आणि मायची नजर त्या रक्तावर गेली.

बा ओरडला नाही. नुसता खाली बसला.

मायनं लुगड्याचा काठ फाडून अंगठा बांधला. घण लांब फेकला. म्हणाली, "बस झालं. मी गिट्टी फोडतो, तुमी बी फोडा. नाई पाह्यजे मले हे काम."

बा म्हणाला, "उचल."

"अवो, हात पाहा तुमचा!"

"डाव्या हातानं धरतो. आज नाई उचलला तं तू जल्मभर नाई उचलणार. मले ठाऊक हाये. मी बी असाच खाली ठेवला होता."

ती रडत होती. तशीच उठली, घण घेऊन आली.

ते शेवटचं भोक तिनं रडत रडत पाडलं. पाचरी बसवल्या. एकेक घाव देत गेली. बा दगडाला कान लावून बसला होता. आवाज चढत चढत गेला, टणटणीत झाला, आणि मग एकदम बद्द वाजला.

दगड फाटला होता. रेघ होती तसाच.

बा म्हणायचा, "तसा सरळ दगड मी दोन डोळ्यांनी बी नोता फोडला." माय म्हणायची, "खोटं बोलतात."

त्यापुढे कितीतरी वर्षं ती दोघं जोडीनं काम करत राहिली. मग ठेकेदारांना सुरुंग लावून भराभरा रस्त्याची गिट्टी काढायची होती, सरळ दगड कोणालाच नको झाला. माय-बा गिट्टीवर बसले ते बसलेच. मला मास्तरीण करून मगच उठले.

बाचा अंगठा पुन्हा कधी वळला नाही. सदऱ्याची बटणं शेवटपर्यंत मायच लावून द्यायची. मोर्शीला माझ्याकडे राहायला आले तेव्हाही. रोज सकाळी दोघं दारात उभी, ती बटणं लावतेय, तो आभाळाकडे पाहतोय. मला त्याचं काही विशेष वाटायचं नाही. असतंच असं घरात, इतकंच.

बा जाऊनही आता फार वर्षं झाली.

माय नीट बोलत होती तेव्हा एकदा तिचे पाय चेपता चेपता मी विचारलं होतं, "माय, त्यानंतर पुन्हा घण उचलताना भेव नाई वाटलं तुले?"

"वाटे ना. रोज वाटे."

"मंग?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

मग म्हणाली, "तुहा बाप टाकीवरचा हातच हालवत नोता ना वं."

माय, लय केलं तू. आता नीज.

जयभीम.