तुरीतली वाट

मेडशीच्या सुकेशनीने विद्यापीठात ‘शांतता आणि संघर्ष निराकरण’ हा विषय घेतला, तेव्हा लोक तिच्या वडिलांना, सतीशला, विचारत, “पोरगी भांडनं शिकून राह्यली का?”

“नाही, मिटवनं.”

“मंग त्याले विद्यापीठ कायले पायजे?”

सतीश हसून पुढे जाई. शाळेत सुकेशनी माझ्या वर्गात होती. मुलं भांडली की ती दोघांचंही नीट ऐकून घेई आणि कोणाचं चुकलं ते मात्र सांगत नसे.

यंदा अभ्यासाचा भाग म्हणून तिला एक खरं भांडण समेटापर्यंत न्यायचं होतं. तिने शेजारचंच निवडलं. गोविंदाच्या शेताची वाट रामसिंगच्या शेतातून जाते. गेल्या हंगामात गोविंदाच्या ट्रॅक्टरखाली रामसिंगची तूर आडवी झाली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. तरी गोविंदाची बैलगाडी त्या वाटेने जाई. रामसिंग पाहून न पाहिल्यासारखं करी. आता गोविंदाच्या शेतात कापलेल्या सोयाबीनची गंजी लागली होती. मळणीयंत्र तिथूनच न्यायचं होतं, आणि आभाळ भरून येत होतं.

सुकेशनीने दोघांना आपल्या ओसरीवर समोरासमोर बसवलं. चार शेजारीही आले. रामसिंगने आपली बाजू सांगितली. मग शिकवलं होतं तसं ती म्हणाली, “गोविंदाकाका, आता रामसिंगकाका काय म्हणाले ते तुमी सांगा.”

“मी काहून सांगू?” गोविंदा उठलाच. “चार लोकांत त्याचं बोलनं माया तोंडून निघालं, म्हंजे मी कबूल केलं.”

“मंग कर ना कबूल,” रामसिंग म्हणाला.

संध्याकाळी वाटेवर बाभळीचे काटे पडले. बैलगाडीही बंद झाली.

“होती तेवढी वाटबी घालवली तू,” सतीश म्हणाला. ती त्या रात्री जेवली नाही.

सकाळी ती गोविंदाच्या घरी गेली. त्याची बायको रुख्मिणी शेंगा निवडत होती. “बोलनं बंद असलेल्या मानसाले समोरासमोर बसवतेत का, बाई?” ती म्हणाली. “माही सासू अन् मोठी जाऊ एका चुलीवर रांधत. बोलत नोत्या. जे सांगायचं ते मांजराले सांगत. सारी कामं होत.”

दुपारी दोघांना पारावर बोलावून सुकेशनी मधोमध बसली. एका बाजूला गोविंदा, दुसरीकडे रामसिंग. तोंडं दोन दिशांना.

“मले सांगा,” ती म्हणाली.

“याले सांग,” रामसिंग म्हणाला, “तूर गेली त्याचं काही नाही. हा पाहालेबी आला नाही.”

गोविंदा पायाने माती उकरत म्हणाला, “त्याले सांग, मले लाज वाटली. यंदा मशीनपुढं मी चालतो. एक झाड मोडलं तर मशीन तिथूनच वापस.”

“सांग त्याले, सकाळीच आन म्हना. दुपारून पानी येते.”

सुकेशनीने कोणालाच काही सांगितलं नाही. लागलंच नाही.

दुसऱ्या दिवशी काटे रामसिंगनेच काढले. गोविंदा हाताने तुरीच्या फांद्या बाजूला धरत यंत्रापुढे चालला. अर्ध्या वाटेवर रामसिंग दुसऱ्या अंगाने फांद्या धरू लागला. दोघे एक शब्द बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत.

तिच्या प्राध्यापकांनी फोनवर विचारलं, समेट झाला का?

“नाही सर,” सुकेशनी म्हणाली. “मळणी झाली.”