तंबूत कुरडया, बाहेर आम्ही

शनिवारी पहाटे डोंगरावर तंबू ठोकायला निघायचं होतं आणि बुधवारी सासूबाईंनी गहू भिजत घातले. आमचा बेत त्यांना महिनाभर माहीत होता. मी स्वयंपाकघरात शिरले तर ओट्याखाली टोपभर गहू पाण्यात, आणि सासूबाई त्यावर ताट झाकतायत, जसं काही झालंच नाही.

"आई, हे काय?"

"कुरडयांचं. शनिवारी चीक शिजवायचा."

"शनिवारी आपण सरगूरच्या पुढं चाललोय ना!"

"तुम्ही जा की. मला काय."

"मला काय" हे त्यांचं ब्रह्मास्त्र आहे. ज्यांनी कुरडई फक्त तळलेली पाहिलीय त्यांच्यासाठी सांगते: भिजलेले गहू वाटायचे, पिळून गाळायचे, ते पांढरं पाणी रात्रभर ठेवायचं, तळाशी घट्ट चीक बसतो. तो सकाळी शिजवून गरम असतानाच सोऱ्याने उन्हात घालायचा. उद्या करू म्हणून चालत नाही. चीक आंबतो आणि सगळं मुसळ केरात. थोडक्यात, सासूबाईंनी डोंगरावर न येण्याची पक्की सोय केली होती.

मला राग आला, आणि राग आला की मी भांडी घासते. पण त्या संध्याकाळी भांडी घासताना कळलं की हा राग नाही, धास्ती आहे. दिवाळीत कोल्हापूरला जिन्यावरून पडून सासूबाईंचा पाय मोडला, म्हणून आम्ही त्यांना म्हैसूरला आणलं. पाय बरा झाला. जूनचं परतीचं तिकीटही त्यांनी मुलाच्या मागे लागून काढून घेतलं. तिथं तिसऱ्या मजल्यावर एकटं राहायचं, तोच जिना चढायचा. का, तर "इथं माझं काम काय?" आणि ते खोटंही नव्हतं. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते दिवेलागणीला येतो. मुलीचं मराठी "आजी, मला हंग्री झालंय" इथपर्यंतच. दिवसभर त्या सरस्वतीपुरमच्या आमच्या गॅलरीत बसून स्कूटर बघायच्या. वर परवा म्हणाल्या, "जायच्या आधी तुम्हाला वर्षभराच्या कुरडया करून ठेवते, मग मी मोकळी." म्हणजे ते ओट्याखालचे गहू हा निरोपच होता. आणि मला त्या जायला नको होत्या. हे मी कोणाला बोलले नव्हते. सासू जाऊ नये म्हणणाऱ्या सुनेवर कोणाचा विश्वास बसतो?

बरोबर येणाऱ्या मैत्रिणीला फोन केला, आमचं रद्द म्हणून सांगायला. ती म्हैसूरच्याच नजरबाद भागातली. तिच्या घराण्यातलं कोणी फार पूर्वी म्हैसूरच्या फौजेत शिपाई होतं, तेव्हापासून ते लोक इथलेच. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड असं मुरलंय की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते त्यांनाही सांगता येणार नाही.

"अय्यो, त्यात काय आहे री!" ती म्हणाली. "चीक बी घेऊन या की. आमच्या मामाच्या डोंगरावर हे एवढं मोठं बंडे आहे. सपाट खडक, घराएवढा. ऊन चेन्नागी, मस्त पडतंय. आमची अम्मा बी येतीय, ती बी दर उन्हाळ्याला संडिगे, तुमच्या कुरडयांसारखंच ते, घालतीयच की."

मी आधी हसले, मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आई, चीक येतोय आपल्याबरोबर!"

सासूबाईंनी मला ताप आलाय का अशा नजरेने पाहिलं. नवरा म्हणाला, "गाडीत जागा नाही, तंबू आहेत." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. जागा झाली.

शनिवारी पहाटे चिकाची बादली गाडीत चढली. वर ताट, ताटावर फडकं, फडक्याला नाडी. मागच्या सीटवर एका बाजूला आजी, एका बाजूला नात, मध्ये बादली, आणि बादलीला सीटबेल्ट. चीक हलला की पुन्हा पाण्यात मिसळतो आणि पुन्हा बसायला तासन्‌तास घेतो, त्यामुळे एरवी वाऱ्यावर स्वार होणारा माझा नवरा त्या दिवशी ट्रॅक्टरच्या मागून निमूट चालला होता. दर गतिरोधकाला मागून दोन आवाज यायचे, "हळू रे!" आणि "पप्पा, चीक!" सरगूर येईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम होता. माझ्या मात्र पोटात हसू उकळत होतं, ते काही केल्या खाली बसेना.

मैत्रिणीच्या मामांच्या शेतात गाड्या ठेवल्या. मैत्रीण, तिचा नवरा आणि तिची आई जीपने आधीच पोचले होते. तिथून पायवाट वर जात होती. मैत्रिणीच्या नवऱ्याने बादली डोक्यावर घेतली, माझ्या नवऱ्याने तंबू, मी मोठं पातेलं, मैत्रिणीने जुन्या साड्यांचं गाठोडं, मुलीने सोऱ्या. मागून दोघी म्हाताऱ्या काठ्या टेकत. वाटेत शेळ्या चारणारा एक माणूस आम्हाला पाहून उभाच राहिला. "मदुवे एल्ली?" त्याने विचारलं. लग्न कुठं आहे, म्हणून! मैत्रीण हसता हसता वाटेतच खाली बसली.

खडक खरंच घराएवढा होता, आणि सकाळीच पायाला चटका देत होता. नवऱ्याने आठवडाभर व्हिडिओ बघून तंबू उभारायचा सराव केला होता, पण आमच्या हॉलमध्ये. तिथं ना वारा, ना खुंट्या ठोकायची भानगड. इथं तो खडकावर खुंटी धरून हातोडी मारत होता आणि खुंटी टणकन्‌ उडत होती.

"खडकात खुंटी कशी रुतंल रे?" सासूबाई म्हणाल्या. "तिकडं गवतात जा. खडक आम्हाला लागणार हाय."

'आम्हाला' कोण, ते पहिल्यांदा लक्षात आलं नाही. बघते तर त्या आणि मैत्रिणीची आई मिळून तीन दगडांची चूल मांडत होत्या. दोघी सत्तरीच्या आसपासच्या. भेटल्यापासून दोघी एकमेकींना "अक्का" म्हणत होत्या, म्हणजे समोरची आपल्याहून मोठी, हे दोघींनीही परस्पर ठरवून टाकलं होतं.

चीक बसला, वरचं पाणी काढलं, चुलीवर आधण आलं. मीठ पडलं, हिंग पडला. आणि मैत्रिणीची आई म्हणाली, "मिरची वाटून घाला की अक्का. नुस्तं पांढरं काय खायचं?"

सासूबाईंच्या कुरडयांना कोणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. मी स्वतः लग्नानंतर एकदा जिरे सुचवले होते, ते अजून ऐकून घेते.

"कुरडईत मिरची? जन्मात घातली नाही."

"म्हणूनच तर सांगतीय!"

सासूबाई उलथनं हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम खो खो हसल्या. म्हैसूरला आल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात त्या हसायच्या त्या पाहुण्यासारख्या, तोंडावर पदर धरून. मला इतकं बरं वाटलं की मी विनाकारण लाकडं आणायला पळाले.

पुढचा तासभर डोंगरावर लष्करी राजवट होती. चीक घोटायचं काम आम्हा तरुणींना मिळालं नाही, आमच्या हाताने गुठळ्या होतात म्हणे. एकीचा हात दमला की दुसरी "सोडा, अक्का" म्हणून उलथनं घ्यायची. मैत्रिणीचा नवरा ऑफिसात दहा माणसांना कामाला लावतो, तो इथं "अहो, जाळ कमी करा!" ऐकून "सरी अम्मा, सरी अम्मा" करत लाकडं ओढत होता. चीक काचेसारखा चकाकला तेव्हा सगळ्यांना वाटीवाटीभर मिळाला, वर तूप आणि साखर. मुलीने वाटी चाटून पुसून पुढं केली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "अजून." पोहे, नूडल्स, ब्रेड, मी आणलेलं सगळं पिशवीतच राहिलं.

मग खडकावर साड्या दुमडून पसरल्या, तीन, कोपऱ्यांवर धोंडे. सोऱ्या फिरायला लागला. दोघींच्या कुरडया गोल, एकसारख्या. माझ्या अशा की त्यांच्यावर कोणाचा तरी पाय पडलाय.

"आमचे आज्जे-पणजे तिकडूनच आले म्हणतात," मैत्रिणीची आई सोऱ्या भरताना म्हणाली. "कोल्हापूरची अंबाबाई आमची देवी. पण नुस्तं फोटोला हात जोडायचं. आमच्यातलं कोणी गेलंच नाही बघा."

"माझ्या घरातून चालत जाता येतं देवळात," सासूबाई म्हणाल्या. "जूनला चाललेय मी."

"हौदा? खरंच? मग परत कधी येता?"

सासूबाईंनी सोऱ्याची मूठ दाबली, एक अख्खी कुरडई घातली, दुसरी घातली. मी शेजारी उकिडवी बसून ऐकत होते आणि माझ्या कुरडया आणखीच वेड्यावाकड्या व्हायला लागल्या.

चारच्या सुमाराला केरळच्या बाजूने ढग आला. वळवाचा, काळाकुट्ट, पोट सुटलेला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, पडू दे. भिजू देत सगळ्या. वर्षभराच्या कुरडया झाल्याच नाहीत तर सासूबाई मोकळ्या कशा होतील? असा मस्त विचार करत मी ढगाकडे बघत होते आणि पहिला थेंब नाकावर पडला. त्याबरोबर सगळ्यांत मोठ्यांदा कोण किंचाळलं असेल? मीच. "कुरडयाऽऽ!"

मग जे झालं त्याला काही धरबंध नव्हता. अर्धवट वाळलेली कुरडई साडीवरून उचलता येत नाही, मोडते. साडीसकटच न्यायची. एकेका साडीला चौघं, चार कोपरे ताणून धरलेले, आणि आमची वरात गवतातल्या तंबूंकडे. कोणी "डावीकडे!" म्हणतंय, कोणी "मेल्ल, मेल्ल!", हळू हळू म्हणून. तंबूत आधीच स्लीपिंग बॅगा. सासूबाई आत वाकल्या आणि एकेक बॅग बाहेर भिरकावून दिली, थेट पावसात.

"आई! नव्या आहेत त्या!" नवरा ओरडला.

"वाळतील की! बॅग विरघळती का कुठं?"

तीन तंबू, तीन साड्या. कुरडया अशा बसल्या की जणू त्यांच्यासाठीच बुकिंग होतं. एका तंबूच्या दाराशी उरलेल्या हातभर जागेत दोघी अक्का राखणीला बसल्या. आम्ही पाच जण बाहेर. वरून पाऊस असा कोसळत होता की बोललेलं ऐकू येईना. मैत्रिणीने पातेलं डोक्यावर घेतलं. तिच्या नवऱ्याने उलथनं हवेत फिरवत नाचायला सुरुवात केली, ऑफिसात त्याला कोणी ओळखलं नसतं. मुलगी नाचली, मग माझा नवरा, जो स्वतःच्या वरातीत नाचला नव्हता. मी चिखलात घसरून बसले आणि उठलेच नाही, हसून पोट दुखत होतं. तंबूच्या दारात सासूबाई मैत्रिणीच्या आईच्या खांद्याला धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती त्यांच्या मांडीवर थापा मारत होती.

पाऊस तासाभरात गेला. त्या रात्री कुरडया तंबूत झोपल्या आणि आम्ही गाड्यांत, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. रविवारी ऊन कडक पडलं. दुपारपर्यंत कुरडया खडखडीत वाळल्या, एकही भिजली नव्हती. थोड्या तिथंच तळल्या. मैत्रिणीच्या आईने एक खाल्ली, विचार केला, दुसरी खाल्ली.

"चांगलंय," ती म्हणाली. "मिरची पाहिजे होती." मग डब्यांकडे बघून, "अर्ध्या आमच्या."

"घ्या की," सासूबाई म्हणाल्या. "पण मग हिच्या वर्षभर पुरायच्या नाहीत."

"नाही पुरल्या तर परत करू. आमची गच्ची आहे ना नजरबादला. पण तिथं मिरची घालायचं हं, अक्का."

डबे भरताना मोठ्या, गोल कुरडया नजरबादकडे गेल्या आणि पाय पडलेल्या आमच्याकडे.

परतताना बादली रिकामी होती, तरी सासूबाईंनी ती मांडीवर घेतली होती. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. म्हैसूर जवळ आलं तेव्हा सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, "ते जूनचं तिकीट रद्द कर रे."

गाडीचा वेग एकदम कमी झाला. "का गं आई?"

"एकटीचं आहे ते. दोघींचं काढ. अक्कांना अंबाबाई दाखवायचीय." थोडा वेळ बादलीची कडी वाजत राहिली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि येतानाचं पण काढ दोघींचं. त्यांना एकटीला कसं पाठवू परत?"

नवऱ्याने आरशातून आईकडे, मग शेजारी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि देवाने त्याला बुद्धी दिली, मिटलं. मी मागे वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि मग त्यांना कळलं असतं.

"बरं," तो म्हणाला. "येतानाचं कधीचं काढू?"

"लवकरचं काढ," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या हातच्या त्या वेड्यावाकड्या कुरडया, तळल्या तर मोडतील सगळ्या. मी आल्याशिवाय हात लावू नका म्हणावं."