आंबलेला गोबरगॅस आणि मुलाची मावशी

मला बघायला पाहुणे येणार होते, त्या आठवड्यात आबांनी गोबरगॅसचं राशन वाढवलं.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन ते वाईकडच्या खंडाळ्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा त्यांच्या हाताखाली कुणीच उरलं नव्हतं. आईनं त्यांचे हुकूम ऐकणं पहिल्या महिन्यातच बंद केलं होतं. मी सांगलीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते आणि सुट्टीला तेवढी एसटीनं घरी यायची. राहता राहिला परसातला गोबरगॅस. तीच आबांची पलटण झाली. सकाळी शेणाचा काला आत ओतताना ते आतल्या न दिसणाऱ्या जंतूंना मोठ्यानं कामं वाटून द्यायचे. गॅस साठला की खड्ड्यावरचा लोखंडी ड्रम हळूहळू वर उचलला जाई. तो किती वर आला यावर आबांचा त्या दिवसाचा मूड ठरायचा.

"लय पाव्हणं येनार," ते मला म्हणाले. "च्या हाय, पोहं हायेत, शिरा हाय. गॅस कमी पडला तर इज्जतीचा सवाल हाय."

म्हणून त्यांनी गावातल्या गुऱ्हाळावरून पाझरलेला, कुणी न घेतलेला गूळ पाटी भरभरून आणला, कालवला आणि टाकीत ओतला. आई म्हणाली, "आवं, त्यास्नी शेनाची सवय. येवढं ग्वाड कशाला?"

"लढाईवर जायच्या आधी जवानाला ग्वाड घालत्यात," आबा म्हणाले.

पाहुणे आले त्या सकाळी ड्रम इतका वर आला होता, की आबांनी त्याला जवळजवळ सलाम ठोकला. आईनं आत शेगडीची चावी फिरवली, काडी लावली. फुस्स. दुसरी काडी. पुन्हा फुस्स. नळीतून वारा येत होता, पण तो पेटत नव्हता, उलट काडीच विझवत होता. बाहेर पाहुणे सतरंजीवर बसून पंख्याकडे बघत होते. पाण्याचे पेले दोनदा फिरवून झाले. शेवटी आई पाठच्या दारी चूल पेटवायला गेली आणि मी नवी साडी सावरत ड्रमपाशी गेले. ड्रम भरलेला आहे आणि गॅस जळत नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. प्रोग्राम चालतो पण उत्तर चुकीचं येतं, तेव्हा मला होतं तसंच झालं. बैठकीत पाहुणे बसलेत हे मी साफ विसरले.

"कधीपासून असं झालंय?" मागून आवाज आला.

मुलाची मावशी होती. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. ती खड्ड्याशी वाकली, बाहेर पडणारी शेणाची मळी बोटावर घेतली आणि चक्क हुंगली.

"आंबलंय," ती म्हणाली. "जास्वंद आहे का गं दारात?"

मी जास्वंदीचं फूल आणून दिलं. बैठकीतल्या बायकांना वाटलं, मावशींना देवपूजेची आठवण झाली. मावशीनं पाकळ्या पाण्यात कुस्करल्या आणि त्या जांभळट पाण्यात मळीचं नितळ पाणी टाकलं. रंग झर्रकन गुलाबी झाला. "आंबट असलं की गुलाबी होतं," ती म्हणाली. "काय खायला घातलंत याला?"

आबा मागे उभे होते. "गूळ," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

मग मावशीनं तिथेच, खड्ड्याच्या कडेला, आम्हा दोघांना समजावून सांगितलं. टाकीत एकच जात नसते. काही जंतू शेण खाऊन आम्ल करतात, आणि दुसरे ते आम्ल खाऊन जळणारा गॅस करतात. पहिले झपाट्यानं वाढतात, दुसरे रमतगमत. गूळ मिळाल्यावर पहिल्यांचं फावलं. आम्ल इतकं साचलं की दुसरे त्यातच गुदमरले. आता ड्रममध्ये आहे तो नुसता न जळणारा वायू.

"म्हंजी खानारं वाढलं आन् राबनारं बसलं," आबा म्हणाले.

"अगदी तसंच."

मी विचारलं, "पहिले किती वेगानं वाढतात? दुसरे किती? ते आकड्यांत मांडता येईल?"

मावशीनं चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. त्या सकाळी मला खऱ्या अर्थानं बघितलं ते तिनेच. मुलगा ओट्यावर नाकाला रुमाल लावून उभा होता. पोहे चुलीवरचे मिळाले, धुराच्या वासाचे. माझ्या साडीच्या काठाला मळी लागली होती, आणि त्याच साडीत मी पोह्यांच्या बशा फिरवल्या.

नकार आठवड्याभरात आला. मुलगा मला फारसा आवडला नव्हता, तरी नकार लागतोच. दोन दिवस मी वर्गात उगाच पोरांवर ओरडले. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या फोनवर मावशी. ती मिरजेला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, सांगलीहून सिटी बसच्या अंतरावर. "आमच्या लोकांचं सोड," ती म्हणाली. "तू ते आकड्यांचं म्हणाली होतीस. रविवारी येतेस का?"

स्थळ गेलं, पण मावशी मला मिळाली.

रविवारी ती मला जंतूंच्या सवयी सांगायची आणि सोमवारी मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ते जंतू वाढवायची. तेव्हा कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले, एसी चालू. तिथे कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर माझे जंतू भराभर वाढले, बत्तीस हजारांच्या पुढे गेले आणि एकदम उणे झाले. मी छापील कागद घेऊन मिरजेला गेले.

"उणे बत्तीस हजार जंतू?" मावशी म्हणाली. "हे कुठे राहतात गं?"

चूक जंतूंची नव्हती, माझी होती. मी जो कप्पा त्यांना दिला होता, त्यात त्याहून मोठा आकडा मावतच नव्हता; भरला की तो उलटा फिरून उण्यात जायचा. मी मोठा कप्पा दिला. मग ते नीट वाढले, गूळ घातल्यावर नीट आंबलेसुद्धा. पडद्यावर आंबट टाकी दिसली तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

खरी मळी बघावी म्हणून मावशी एकदा आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बाटली घेऊन आली. एसीत बसून आमचं बोलणं रंगलं आणि मध्येच बाटलीचं बूच फाटकन उडालं. तो वास एसीनं सगळ्या मजल्यावर पोचवला. लॅबचा असिस्टंट पळत आला आणि कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर ओढत म्हणाला, "मॅडम, आधीच फ्लॉपीतून व्हायरस येतायत. तुम्ही आता बाटलीतनं आणताय व्हय?"

मावशीला इतकं हसू आलं की तिला खुर्चीत बसवावं लागलं. आमच्या विभागप्रमुखांना मात्र आलं नाही.

तिकडे आबांनी मावशीच्या सांगण्यावरून टाकीचं खाणं बंद केलं होतं. आंबटपणा मारायला थोडा थोडा चुना, आणि वाईजवळच्या एका चालू गोबरगॅसातून आणलेल्या काल्याच्या घागरी, एवढंच ते आत घालत. माझा प्रोग्राम म्हणाला, आठवड्यात टाकी सुधारेल. मी तसं आबांना ठणकावून सांगितलं. आठवडा झाला, काही नाही. पंधरवडा झाला, काही नाही. आई चुलीपुढे खोकत मला म्हणाली, "तुज्या कॉम्प्युटराला म्हनावं, भाकरी भाजायला ये."

माझ्या कॉम्प्युटरात थंडी नव्हती. सांगलीच्या त्या खोलीत मी तापमानाचा एक आकडा घातला होता आणि तो बारा महिने तोच ठेवला होता. खंडाळ्याकडची पौषातली पहाट मी विसरूनच गेले होते. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "चला, आता तू खरी अभ्यासाला लागलीस." आबांनी टाकीभोवती उसाच्या पाचटाचा जाड थर रचला, वर गोणपाटं टाकली. एके सकाळी शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. आईनं त्यावर पहिल्यांदा दूध तापवलं आणि ते उतू जाऊ दिलं.

पुढे त्याच कामावर मी पीएचडीला नाव घालायला गेले. कॉम्प्युटरवाले म्हणाले, हे जीवशास्त्र आहे. जीवशास्त्रवाले म्हणाले, हे गणित आहे. गणितवाल्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. अखेर मुलाखतीत एका वयस्कर सरांनी विचारलं, "बाई, कॉम्प्युटर सोडून शेणात कशाला पडताय?"

मी म्हणाले, "सर, सोडून नाही. घेऊनच पडतेय."

मावशी सहमार्गदर्शक म्हणून शेजारी बसली होती. तिनं पिशवीतून रुमाल काढून तोंडावर धरला. प्रवेश मिळाला. त्यांना पटलं की नुसते कंटाळले, ते मला आजही ठाऊक नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कॉलेजनं मला जिन्याखालची एक खोली दिली. एक कॉम्प्युटर, एक फ्रीज, साखर कारखान्यांच्या सांडपाण्याच्या तळ्यांतून भरून आणलेल्या बाटल्या. पाटी रंगवायला पेंटर आला. मी त्याला सांगितलं, "सूक्ष्मजीव आणि संगणक." त्यानं जागा मोजली, मान हलवली आणि मी तासावर गेले असताना सोयीनं रंगवून टाकलं, "सूक्ष्म संगणक".

दुसऱ्या दिवशी सांगलीतला एक कापड दुकानदार दार वाजवून आत आला. त्यानं बाटल्यांकडे बघितलं, फ्रीजकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, गल्ल्याशेजारी मावेल एवढा लहान कॉम्प्युटर असतो का हो?"

मी त्याला बसवलं, चहा मागवला.