मामाच्या गाडीतली पिवळी कोंबडी

मामा मस्कतहून कायमचा परत आला तेव्हा त्याने सोबत एक जपानी गाडी आणली. पाच वर्षं वापरलेली, पांढरी, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. ऐंशीच्या दशकातलं मुलुंड; आमच्या सोसायटीत तोवर दोन स्कूटर आणि एक टेम्पो, बस्स. त्यामुळे गाडी गेटातून आत आली तेव्हा लोक गॅलरीत येऊन उभे होते. मामा डावीकडे बसून चालवत होता आणि उजवीकडे, जिथे ड्रायव्हर असायला हवा तिथे, मामी मांडीवर पर्स ठेवून आरामात बसली होती. तळमजल्यावरचे काका ओरडले, "अहो वहिनी, चाक कुठाय?"

मी तेव्हा मामीकडेच राहायचे. आईबाबा कणकवलीला, आणि मी मुंबईत पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. म्हणजे करत होते असं घरचे समजत होते. दोन विषयांत नापास होऊन केटी लागली होती, आणि मी कुणाला न सांगता टायपिंग क्लासचा फॉर्म आणून उशीच्या अभ्र्यात लपवला होता.

गाडीचे दोन महिने झकास गेले. मग एका दुपारी घाटकोपरला लग्नाला जाताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. त्यावर इंजिनाचं बारीकसं चित्र होतं, पण मामीला ती अंड्यावर बसलेली कोंबडी वाटली.

"अहो, कोंबडी पेटली!" ती म्हणाली.

मामाने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. ऑइल ठीक, पाणी ठीक, पट्टा ठीक. कोंबडी मात्र विझेना. लग्न लागून गेलं, आम्ही थेट पंगतीला पोचलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. "शेठ, ह्यात सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. आपल्याकडे कोण बघणार?" आणि त्याने दिव्यावर काळी टेप चिकटवून टाकली. "आता दिसतो का? नाही ना? मग झालं तर."

मामाचं काही तेवढ्याने झालं नाही. तो प्रत्येक सिग्नलला नखाने टेपचा कोपरा उचलून आत डोकवायचा. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करायची, मागून काळा धूर सोडायची. मामीने तर जाहीरच केलं, "माका त्या गाडयेत बसूचा नाय."

शेवटी मामाने मस्कतला आपल्या जुन्या दोस्ताला पत्र टाकलं. हा एक मल्याळी मेकॅनिक होता, मामाच्या शेजारच्या खोलीत राहणारा. महिन्याभराने उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं हिंदी आणि सोबत पेन्सिलने काढलेलं सुरेख चित्र. बॅटरीजवळ एक छोटं रबरी टोपण आहे, ते काढ, आत दोन भोकं दिसतील, ती तारेने जोड. मग चावी फिरव, पण इंजिन चालू करू नकोस. दिवा उघडझाप करेल, ती मोज. आधी दशकाचा आकडा, मग जरा थांबेल, मग एककाचा. खाली आकड्यांची यादी होती आणि प्रत्येकापुढे काय बिघडलंय ते.

मी पत्र हातातून हिसकावूनच घेतलं. "म्हणजे गाडी स्वतःच सांगते, हिला काय होतंय ते?"

"तू इलेक्ट्रॉनिक्सवाली ना?" मामा म्हणाला. "मग हे तुझं काम."

"मामा, मला केटी लागलीय. दोन विषयांत." माझ्या तोंडून निघूनच गेलं.

त्याने पत्रातल्या चित्रावर बोट ठेवलं. "गाडीला माहितेय का ते? नाही ना? चल मग."

रविवारी सकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. तार सापडेना, म्हणून मामीने केसातला आकडा काढून दिला. मी तो वाकवून दोन भोकांत बसवला, मामाला तो धरून तिथेच उभं केलं आणि गाडीत शिरले. मामी "नुसती बघूक" म्हणून उजवीकडे येऊन बसली. मी टेप काढली आणि चावी फिरवली.

दिवा विझला. पेटला. विझला. पेटला. थांबला. पुन्हा दोनदा लुकलुकला.

"डोळो मारता गो ही!" मामी किंचाळली, आणि आम्ही दोघी जे हसत सुटलो ते थांबेचना.

"किती? किती झाले?" बॉनेटमागून मामा.

"चार!" मामी.

"चार नाही गं, बावीस! दोन, मग दोन. बावीस!"

"बावीस कुठून आणलंस? माझ्यासमोर चार झाले!"

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बावीस. मी यादीत बोट फिरवलं: बावीस, पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. मामाने चित्रात बघून तो शोधून काढला. त्याच्या जोडणीत हिरवट गंज चढला होता. बोटभर वायर! एवढ्यासाठी महिनाभर घर सुतकात. मी पॉलिशपेपरने पिना घासल्या, जोडणी पुन्हा बसवली, खट्‌ आवाज आला.

आता गाडीला जुनी तक्रार विसरायला लावायची होती. त्यासाठी, पत्रात लिहिलं होतं तसं, चावी बंद करून एक फ्यूज काढायचा आणि तीस आकडे मोजायचे. मी फ्यूज उपटला. मामाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली, दहापर्यंत तळमजल्यावरचे काका सामील झाले आणि विसापासून गॅलऱ्यांतून सगळी बिल्डिंग ओरडू लागली. अठ्ठावीस! एकोणतीस! तीस! माझ्या घामेजल्या बोटांतून फ्यूज निसटून गाडीखाली गेला. मी सलवार-कमीजसकट पालथी होऊन तो काढला, फुंकला, बसवला.

मामाने चावी फिरवली. कोंबडी पेटली.

वरून "अरेरे" असा आवाज आला. मग मला उमगलं आणि मी ओरडले, "चावी फिरवली की पेटतेच ती! इंजिन चालू कर ना!"

इंजिन लागलं. कोंबडी विझली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामाने मला उचलून एक गिरकी घेतली, आणि मामी केस मोकळे सोडूनच म्हणाली, "चला वर्सोव्याक. बोंबील घेऊया."

पवईच्या रस्त्याने निघालो. सगळ्या खिडक्या उघड्या, मागच्या सीटवर मी, कपड्यांना ऑइलचे डाग. अंधेरीला हवालदाराने अडवलं. तो सरळ उजव्या खिडकीशी आला आणि मामीकडे लायसन मागू लागला. मग त्याला दिसलं की तिच्यासमोर चाकच नाही. तो मामीच्या हातांकडे बघत राहिला, मग पलीकडे मामाकडे, मग हसायला लागला आणि हातानेच जा म्हणाला.

वर्सोव्याला मामी कोळणींशी भाव करत होती. मामा गाडीला टेकून माझ्याशी हळूच बोलला, "टायपिंगचा फॉर्म मामीला सापडलाय. उशीचा अभ्रा तीच धुते ना."

मला लाज वाटायला हवी होती, पण त्या दिवशी लाज कुठे जवळ यायला तयार? "भरू नको ना तो?" मी विचारलं.

"तुझं तू ठरव. पण केटीची परीक्षा कधी आहे?"

"ऑक्टोबरमध्ये."

"मग आहे की वेळ," तो म्हणाला. तेवढ्यात मामी बोंबलांची पिशवी पुढे धरून आली, आणि जपानी गाडीच्या गुबगुबीत सीटवर ती ठेवायची की नाही ह्यावरून दोघांचं जुंपलं. पिशवी मी मांडीवर घेतली. ऑक्टोबरच्या परीक्षेत दोन्ही विषय सुटले, केटी गेली.