फिक्का राखी

देवानं कावळा काळा केला खरा, पण आधी आमच्या साडूले पुसलं असतं तर कावळा जास्त बरा झाला असता, असं साडूचं ठाम मत आहे. तीस वर्षं निर्मल गावात, खेळण्यांच्या कारखान्यात, लाकडी पोपट अन् आंबे रंगवले त्यानं. तेव्हापासून त्याची नजर अशी बिघडली की साधं काही त्याले दिसतच नाही. म्हैस घ्यायले गेला तर दुधाचं न पुसता परत आला, म्हणे, "काळी हाये, पण निळ्याकडं झुकते." स्वतःच्या पोरीच्या लग्नात व्याह्याच्या फेट्याले हात लावून म्हणाला, "हा पिवळा बिमार हाये, बापू." व्याही दोन वर्षं बोलला नाही. वरणात हळद जास्त दिसली तर तोंडात न घालताच ताट सरकवतो.

माझं अन् त्याचं वाजलं ते घराच्या रंगावरून. मातीचं घर पाडून आमी सिमेंटचं बांधलं, अन् रंग द्यायच्या आधीच बायको गेली. शेवटी बोलली होती, "भिंती उघड्या ठेवू नोका. रंग भाऊजीले पुसा." वर्षश्राद्ध महिन्यावर आलं. त्याआधी भिंती रंगल्याच पाहिजेत, हे माझं ठरलं होतं. मले गुलाबी पाहिजे होता, साऱ्या गल्लीचा आहे तसा. साडूनं गुलाबी डबा दारातूनच वापस पाठवला.

"फिक्का राखी. दुसरा नाही."

"बायकोले जाळून आलो, आता घरालेही राख फासू काय?" मी तोंडावरच बोललो.

"फासा," तो म्हणाला, अन् चहा मागितला.

तिचा शब्द होता, म्हणून मी त्याले मोटरसायकलवर मागं बसवून आदिलाबादची दुकानं हिंडलो. दुकानदार रंगांचं कार्ड पुढं करे. साडू खिशातून रुमालाची पुरचुंडी काढे, पाठ फिरवून आत पाहे, अन् मान हलवे. "हा निळा खाते." "ह्याच्यात मेलेला पारवा हाये." एक दुकानदार कावला, "चाचा, राख तो राख है!"

"चूल कोणाची, त्याच्यावर हाये," साडू म्हणाला.

चौथ्या दुकानात माझं डोकं सटकलं. मी पुरचुंडी हिसकून उघडली. आत आमच्या पाडलेल्या भिंतीचा पोपडा होता. बायको पांढऱ्या मातीत चुलीची राख कालवून दर सणाले भिंतीवर हात फिरवे, तोच फिक्का राखी. तिच्या बोटांच्या रेघाही तशाच.

"घर पाडलं त्या दिवशी उचलला," साडू म्हणाला. "तुमी विटा उतरवून राह्यले होते."

मी दुकानदाराले म्हणालो, "ऐसाच मिलाव. कम-जादा नाही होना."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी शेवटचा हात झाला. गल्ली म्हणाली, म्हाताऱ्यानं घराले राख फासली. फासली. कोणाच्या बापाचं काय गेलं?

आता मी त्या भिंतीले टेकून बसतो. जुन्या भिंतीची राख सदऱ्याले लागायची. उठलं की बायको ओरडत यायची अन् पदरानं माझी पाठ झटकायची. परवा मी उठलो, अन् सवयीनं पाठ करून तसाच उभा राहिलो. साडू चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"ह्या रंगाचं काही लागत नाही, भाऊ," तो म्हणाला. अन् तरी उठून आला, अन् माझी पाठ झटकली.