दोन कुलपांचं भावजी

साऱ्या दुनियेत अनुबॉम्बाची काळजी जर कुनी मनापासनं वाहिली असंल, तर ती आमच्या धाकल्या भावजींनी, आन ती बी महाळुंग्याच्या आमच्या वस्तीवर कांद्याच्या वाफ्याकडंला उभं ऱ्हाऊन. भावजी म्हंजी माज्या मालकाचं धाकटं भाऊ. मुंबईकडं समुद्राच्या काठाला अनूचा सरकारी कारखाना हाय, त्यातल्या एका दाराव राखनदारी करन्यात त्यांची सारी नोकरी गेली. पेन्शनीत गावाला आलं, पन दार काय त्यांच्या अंगावनं उतरलं न्हाई. तिथं म्हनं गाडी आत सोडायच्या आदी तिच्या बुडाखाली आरसा सरकवून बघत्यात. भावजींनी दाढीचा आरसा वेळूच्या काठीला बांधला आन दाराशी खुंटीला टांगला. नारायनगावाहून जीप वस्तीवर आली की मानसं उतरायच्या आदी काठी खाली. डायवर म्हनायचा, "बाबा, खाली काय बघताय?" भावजी म्हनायचं, "जे नसाय पायजे ते." एकदा जीपच्या खालनं शेजारची कोंबडी निघाली. ती लपून बसली व्हती का झोपली व्हती देव जानं, पन भावजींनी तिला धरून मालकिनीच्या हवाली केली आन डायवरला दम भरला, "आज कोंबडी हाय, उद्या काय असंल?"

बैलगाडी बी सुटायची न्हाई. माजी जाऊ, म्हंजी भावजींची बायकू, कपाळाला हात लावायची. एकदा तिची आई आली तर भावजींनी सासूची पिशवी उघडाय लावली. जाऊ म्हनली, "अवं, ती माजी आई हाय."

"म्हनून तर," भावजी म्हनलं. "वळखीच्या मानसाचीच झडती कुनी घेत न्हाई."

सासू परत निघाली तवा परत झडती. पिशवीतल्या लुगड्याच्या घडीत जावंनं लपवून दिलेला तुपाचा डबा निघाला. भावजींनी झाकन काढून वास घेतला, डबा व्हता तसा ठिवला आन म्हनलं, "जाऊ द्या. म्या बघितलंय, बास." सासू पुढच्या खेपंपासनं मोकळ्या हातानं येऊन मोकळ्या हातानंच जायला लागली.

आन आत काय व्हतं, इचारलं तर एक अक्षर बोलायचं न्हाईत. मी एकदा लईच धोशा लावला. म्हनलं, "भावजी, इतकी वरसं दार राखलं, एकदा तरी फटीतनं बघितलं असंल का न्हाई?"

"न्हाई वैनी. मला ठावं नसनं हीच माजी नोकरी."

राजस्थानात सरकारनं बॉम्ब फोडून बघितला तवा गावात पेढं वाटलं. भावजींनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसलं आन पारावरच्या समद्यांना सांगितलं, "फोडायला एक बटन. राखायला जलम जातो." पोरं हसली. त्याच सालात माजं मालक काविळीनं गेलं. पदरात दोन पोरी, बांधाला टमाटं, आन विहीर तिगांत: एक पाळी आमची, एक भावजींची आन एक आप्पाची. आप्पा म्हंजी मालकाचा चुलतभाऊ. वाईट मानूस नव्हं, पन पान्याव जीव. दुखवट्याला आला, बसला, च्या प्याला आन उठताना भावजींना म्हनला, "बाईमानसाला कुठं पानी धरता येतंय? वैनीची पाळी आपुन दोगं वाटून घेऊ. तिला वरसाचं दानं घालू."

मी चुलीपाशी व्हते. ऐकलं आन भाकरी उलटली. रडून काय उपेग? पाळी गेली की रान गेलं, आन रान गेलं की दोन पोरी घिऊन दुसऱ्याच्या बांधाला खुरपं. भावजी हो म्हनलं असतं तर त्यांचं बी पानी वाढलं असतं. पन ते दुसऱ्या दिशी सायकलीवर मंचरला गेलं आन दोन कुलपं आनली. विहिरीवर मोटारीच्या बटनाची लोखंडी पेटी व्हती, तिला जाड कडी बशिवली आन एकाच कडीत दोनी कुलपं घातली. एक काढून भागत न्हाई, दोनी निघाली तरच पेटी उघडती. एक चावी आप्पाच्या हातात दिली, दुसरी माज्या.

आप्पा म्हनला, "आन तुजी?"

"राखनदाराकडं चावी नसती."

"म्हंजी तुला पानी पायजे तवा बी आमा दोगांच्या पाया पडनार?"

"पडंन की."

आप्पा म्हनला, "येड लागलंय ह्याला." पन भावजी पेटीपाशीच बसलं आन मला समजावून सांगाय लागलं, आप्पाला ऐकू जाईल असं. "वैनी, चोर भिंतीवरनं येत न्हाई. भिंतीला पहारा असतो. ज्याच्याकडं चावी, तोच कवा लोभानं, कवा भ्यानं फिरतो. म्हनून आमच्याकडं एकट्याला दार उघडता येत नसायचं, मंग तो सायेब का असंना. आन एक ध्यानात ठेवा. चावी जात न्हाई, मानूस जातं. काय बी झालं तरी चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई, सवता जायचं."

झालं. त्या दिसापासनं आप्पाला पानी पायजे की माज्या उंबऱ्याशी यावं लागायचं. "वैनी, चला." मी निघायचे. माज्या पाळीला त्याला यावं लागायचं. वाटंत दोगं आपले पुढंमागं चालायचो. त्यानं लई युक्त्या केल्या. पाहुनं आल्यात, घाई हाय, चावी तेवढी द्या. मी पदर खोचायचे आन म्हनायचे, "येते की."

चैताच्या उन्हात मला हिवताप आला. हुडहुडीनं दात वाजत व्हतं. भावजींची पाळी आली, त्यांचं टमाटं मान टाकून पडलेलं. जाऊ दारात उभी ऱ्हायली, डोळं चावीवर. मंग भावजीच आलं. म्हनलं, "वैनी, पडून ऱ्हावा. चावी द्या, मी उघडतो."

माजं मन पाघळलं. ज्यांनी मला पानी राखून दिलं त्यांना चावी न्हाई कशी म्हनायची? पन म्हनलं, आज ह्यांना दिली तर उद्या आप्पा म्हननार, त्याला दिली, मला का न्हाई? मी घोंगडी गुंडाळली आन उठले. "चावी जात न्हाई भावजी, मानूस जातं."

भावजी सरळ उभं ऱ्हायलं, टाच आपटली आन मला सलाम ठोकला. जाऊ म्हनली, "तापाच्या बाईला सलाम ठोकताय? हात द्या त्यांना." मंग जावंच्या खांद्याव हात टाकून मी विहिरीव गेले. आप्पा आलाच व्हता. त्यानं माज्याकडं बघितलं, आपलं कुलूप काढलं आन खाली मान घालून म्हनला, "तुमची पाळी तुमचीच, वैनी. मी काय म्हननार न्हाई आता." पन कुलूप कायमचं त्यानं बी काढून टाकलं न्हाई आन मी बी न्हाई.

पुढं अमेरिकेत अतिरेक्यांनी ते उंच मनोरं पाडलं. टीव्हीपुढं आख्खी वस्ती गोळा. भावजी म्हनलं, "देशाकडं बॉम्ब असला तर देशाला पत्ता असतो, डोळा ठिवता येतो. पन ह्या असल्यांना ना गाव ना शीव. त्यांना आख्खा बॉम्ब बी नको. तसला अनूचा माल चोरून साध्या दारूगोळ्यात मिसळून फोडला तरी शेहर ओस पडंल." कुनी हसलं न्हाई त्या दिशी. मंग काही वरसांनी बातम्यांत सांगितलं, समद्या देशांनी मिळून ठराव केला: असला माल मोजून ठिवायचा, कुलपात ठिवायचा, हद्दीवर तपासायचा, आन चोरंल त्याला कुठल्याच देशानं आसरा द्यायचा न्हाई. भावजींचा चेहरा असा फुलला जसं त्यांनाच इचारून केलं व्हतं. म्हनलं, "बघा, आरसा लागला त्यांना बी."

मी म्हनलं, "पन ठरावात आप्पा कोन?"

आप्पा तिथंच तंबाखू मळत बसला व्हता, तोच पैला हसला. भावजी म्हनलं, "समदेच, वैनी. म्हनून तर दोन कुलपं."

भावजी गेलं ते झोपंतच, एका सकाळी. मुलूख भरून मानसं आली. जावंचा भाऊ पाहुनं घिऊन नारायनगावची जीप भरून आला. जीप थांबली आन कुनी उतरंना. डायवर तोच जुना, इंजन बंद करून बसल्याला. जरा येळानं माज्या ध्यानात आलं, ती समदी कशाची वाट बघत्यात.

आप्पा उठला. त्यानं खुंटीवरची काठी काढली, गुडघ्याला हात देत वाकला, आरसा जीपच्या खाली सरकवला आन ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत बघितलं. मंग काठी माज्याकडं दिली. एकट्यानं बघून भागत न्हाई. मी बी वाकले. आरशात जीपचं काळं बूड दिसलं, आन त्याच्या पल्याड आमच्या विहिरीवरचं आभाळ.

म्हनलं, "काय न्हाई. येऊ द्या."