दगडावरचे दाणे

मामा सगळ्या कॉलेजचे मामा होते, पण विश्वास त्यांचा कुणावरच नव्हता. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाक्या सांभाळता सांभाळता केस पिकले, तरी स्वतः लावलेलं कुलूप ते परत ओढून बघत. कोपऱ्यातल्या टाकीतला स्पंज तर त्यांना पहिल्यापासून खटकायचा. रंग शेवाळाचा, बैठक दगडाची आणि नाव मात्र प्राण्यांच्या यादीत! तोंड नाही, पोट नाही. अंगभर बारीक भोकं, त्यातून पाणी आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून सोडून द्यायचं. "खाताना दिसत नाही, त्याच्यापासून जपून राहावं," मामा म्हणत.

त्यांची सून तिथेच तात्पुरती मदतनीस म्हणून लागली आणि हा सगळा संशय तिच्याकडे वळला. तिला कायम करायचं की नाही, हे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम लवकरच ठरवणार होत्या. पोरीनं घोळ घातला तर आपलं नाक कापलं जाईल, या धास्तीनं मामा तिच्यावर कपाटाआडून नजर ठेवायचे.

थंडी वाढली तसा स्पंज झडायला लागला. एका सकाळी मामा बघतात तर दगड उघडा! वर नुसते खसखशीएवढे तपकिरी दाणे चिकटलेले.

"टाकीत काय ओतलंस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"बाबा, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग तोंड का उतरलं? चोराच्या मनात चांदणं!"

ती फडकं घेऊन दुसरी टाकी पुसायला लागली. मामांना वाटलं, सापडली. पण घरची अब्रू चव्हाट्यावर नको, तिनं काही ओतल्याची खूण राहू नये, म्हणून मॅडम यायच्या आत त्यांनी खरखरीत ब्रशनं दगड लख्ख घासला आणि टाकीतलं पाणी मोरीत ओतलं. सून दारात उभी राहून बघत होती.

मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आल्या आणि टाकीपाशी थबकल्या. "अगं, दाणे कुठे गेले? थंडीत याचं अंग विरून जातं, पण जाण्याआधी तो दाणे करून ठेवतो. पाणी कोमट झालं की त्यातूनच नवा स्पंज येतो. तेच तर दाखवायचं होतं! दगड घासला कुणी?" त्यांनी सुनेकडे पाहिलं.

सून खाली मान घालून उभी. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. का बोलत नाही ही? मामांना तिच्या गप्प बसण्याचाही संशय आला.

"असं काम असेल तर तुला ठेवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी घासला," मामा म्हणाले. लाजेनं त्यांचे कान तापले होते. "तिनं काही केलं नाही. मला उगाच वाटलं, हिनंच काहीतरी केलंय."

मॅडमनी मामांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. सुनेला काढायचा विषय मात्र तिथेच संपला.

संध्याकाळी घरी जाताना मामांनी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"बघत होते, तुम्ही सांगताय का," सून म्हणाली. "खरं सांगू, बाबा? मला वाटलं होतं, नाही सांगणार."